पाहिलेलं आणि ऐकलेलं : लिओनहार्ट फुक्स आणि गार्सिया द ओर्ता

 

आजचं व्याख्यान एकट्याचं नाही, म्हणून सुरुवातीपासून ‘आम्ही’ म्हणतो आहोत. आम्ही चौघे जण. एक मुलुंडचे, एक घाटकोपरच्या, दोघे इथले बोरिवलीचे. गेल्या पावसाळ्यात दर रविवारी एकत्र बसून आम्ही एक जुनं पुस्तक वाचलं. ते १५६३ साली गोव्यात छापलं गेलं. लेखक पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता. पुस्तकाचं नाव मराठीत सांगायचं तर ‘भारतातल्या औषधी द्रव्यांविषयीचे संवाद’. आम्हाला पोर्तुगीज येत नाही. क्लेमेंट्स मार्कहॅम यांचं १९१३ सालचं इंग्रजी भाषांतर वाचलं. तेव्हा आमची टीका भाषांतरावरून केलेली आहे, हे आधीच कबूल.

वाचताना आमच्यात वाद झाला, आणि त्या वादात एक जर्मन डॉक्टर शिरले. लिओनहार्ट फुक्स. आमच्यापैकी एकाचं म्हणणं असं, की वनस्पतिशास्त्राचा खरा पाया फुक्सने घातला आणि ओर्ता नुसता गप्पिष्ट माणूस. दुसरीचं म्हणणं नेमकं उलट. आज तो वाद तुमच्यासमोर मांडतो.

आधी फुक्स. जन्म १५०१, बव्हेरियातलं वेमडिंग गाव. शिक्षण एरफुर्ट आणि इंगोलस्टाटला. पेशाने वैद्य. १५२९ साली जर्मनीत घाम सुटून माणसं पटापट मरत होती, ‘इंग्लिश घामाची साथ’ म्हणत तिला. त्या साथीत आन्सबाखच्या दरबारी वैद्य म्हणून त्याचं नाव झालं. धर्माने तो ल्यूथरच्या बाजूचा, त्यामुळे कॅथलिक इंगोलस्टाटमध्ये त्याला टिकता आलं नाही. १५३५ पासून मरेपर्यंत, म्हणजे १५६६ पर्यंत, तो ट्युबिंगेनच्या विद्यापीठात वैद्यकाचा प्राध्यापक होता.

त्याचं मोठं पुस्तक १५४२ साली बाझेलला छापलं गेलं. लॅटिनमध्ये, जवळपास नऊशे पानांचं, पाचशेहून अधिक चित्रांचं. लाकडी ठशांवरून छापलेली ही चित्रं आजही बघावीत अशी आहेत. मूळ, खोड, पान, फूल, फळ, सगळं दिसतं. कधी कधी एकाच झाडावर फूल आणि फळ दोन्ही दाखवलं आहे. निसर्गात ते एका वेळी दिसेलच असं नाही, पण झाड ओळखायला ते उपयोगी पडतं. छाया-प्रकाशाचा खेळ करून चित्रकाराने मूळ आकार झाकू नये, असा त्याचा आग्रह होता. आणि शेवटच्या पानावर त्याने तिघा कारागिरांची नावासकट चित्रं छापली. चित्र काढणारा आल्ब्रेश्ट मेयर, ते लाकडावर उतरवणारा हाइनरिश फ्युलमाउरर आणि ठसा कोरणारा फाइट रुडोल्फ श्पेकले. त्या काळी कारागिराचं नाव कोण घालत होतं? हे फुक्सचं मोठेपण आम्ही चौघांनीही मान्य केलं.

मग वाद कशाचा? वाद चित्राखालच्या मजकुराचा.

फुक्सचा मजकूर बराचसा जुन्या ग्रंथांवर उभा आहे. डायोस्कोरिडीस, गॅलेन, प्लिनी. जर्मनीच्या रानात उगवणाऱ्या झाडाला दीड हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राच्या काठी लिहिलेल्या ग्रंथातलं नाव जोडायचं, आणि मग त्या ग्रंथातले गुण त्या झाडाला लावायचे, ही त्याची पद्धत. प्रकरणांचा क्रमसुद्धा ग्रीक अक्षरांप्रमाणे. डोळे झाडाकडे, पण मान पोथीकडे वळलेली.

याचा परिणाम बघा. या पुस्तकात मिरची आहे. तीच, आपल्या ठेच्यातली. चित्र चोख आहे, कोणीही ओळखेल. आणि तिचं जर्मन नाव दिलं आहे ‘कालिकतची मिरी’. मिरची आली अमेरिकेतून, पण नावात आपलं कोझिकोड. मक्याला म्हटलं आहे ‘तुर्की धान्य’. मकाही अमेरिकेचा. आणि झेंडू! दसऱ्याला दादरच्या फूलबाजारात ज्याचे ढीग लागतात, तो मूळचा मेक्सिकोकडचा. त्याला फुक्सने ‘टॅगेटीस इंडिका’ म्हटलं. चित्र बरोबर आणि पत्ता चुकीचा.

आता यासाठी फुक्सला हसण्याचं कारण नाही. बाजारात आलेल्या वस्तूला व्यापारी जे नाव सांगेल तेच गावात रूढ होतं. आपणही रताळं, बटाटा, पेरू, सीताफळ इथलंच समजून खात आलो. पण फुक्सकडे चूक पकडायचं साधन नव्हतं, हे महत्त्वाचं. झाड त्याच्या बागेत होतं. झाड लावणारी माणसं समुद्रापलीकडे. त्यांना विचारायची सोय नाही.

त्याच्या उलट एक उदाहरण त्याच पुस्तकात सापडतं. एका झाडाला ग्रीकमध्ये नाव नव्हतं, लॅटिनमध्येही नव्हतं. पोथी गप्प. मग फुक्सने शेतकऱ्यांच्या तोंडचं जर्मन नाव घेतलं. शिवणकामात बोटात घालतात ते टोपण, तशी त्याची फुलं, म्हणून लोक त्याला तसंच म्हणत. फुक्सने त्याचं लॅटिन केलं, ‘डिजिटॅलिस’. पुढे १७८५ मध्ये इंग्लंडच्या विल्यम विदरिंग यांनी याच झाडाचा उपयोग सूज आलेल्या रुग्णांवर दाखवून दिला, आणि हृदयविकारावरचं एक मोठं औषध जगाला मिळालं. विदरिंग स्वतः लिहितात, की या उपचाराचा धागा श्रॉपशरमधल्या एका म्हाताऱ्या बाईच्या घरगुती औषधातून मिळाला. त्या बाईचं नाव मात्र त्यांनी दिलेलं नाही. हे नाव नसणं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता ओर्ता. त्याचाही जन्म १५०१च्या सुमाराचा, म्हणजे फुक्सच्याच वयाचा. पोर्तुगालमधलं कास्तेलो द विद. आईवडील स्पेनमधून हाकललेले ज्यू, पोर्तुगालमध्ये बळजबरीने ख्रिस्ती केलेले. शिक्षण सालामांका आणि अल्कालाला, म्हणजे पोथ्या त्यानेही फुक्सइतक्याच वाचल्या होत्या. १५३४ मध्ये मार्तिम अफोन्सो द सोझाचा वैद्य म्हणून तो जहाजावर चढला आणि गोव्यात उतरला. परत गेलाच नाही. चौतीस वर्षं इथे काढून १५६८ मध्ये गोव्यातच वारला.

या चौतीस वर्षांत तो कुठे कुठे वावरला? अहमदनगरला. बुऱ्हाण निजामशहाशी त्याची मैत्री होती. शहाने त्याला रोगांची आणि औषधांची अरबी नावं शिकवायची आणि त्याने शहाला लॅटिन, असा व्यवहार चालायचा. आणि तो आपल्या मुंबईतही होता. पोर्तुगीज राजाकडून मुंबई बेट त्याला खंडाने मिळालं होतं. तिथल्या आपल्या जागेतला एक आंबा वर्षातून दोनदा फळतो, असं तो लिहितो. इथे बसलेल्यांसाठी मुद्दाम सांगतो, साष्टी बेटावरच्या डोंगरात कोरलेल्या लेण्यांचाही उल्लेख त्याच्या पुस्तकात आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर हे सगळं त्याच साष्टीत येतं.

पुस्तक संवादांचं आहे. बोलणारे मुख्यतः दोघे. एक स्वतः ओर्ता, दुसरा रुआनो, नुकताच स्पेनहून आलेला विद्वान डॉक्टर. रुआनो काल्पनिक आहे. आमच्या मते रुआनो म्हणजे ओर्ता स्वतःच, जहाजातून उतरला त्या दिवशीचा. प्रत्येक वस्तूबद्दल रुआनो आधी पोथी काढतो. ओर्ता म्हणतो, बाजारात चल, बघ, चाखून पाहा, विकणाऱ्याला विचार. पोथीचा धाक मला घालू नकोस, हा त्याचा सूर पुस्तकभर आहे. स्पेनमध्ये असतो तर गॅलेनविरुद्ध बोलायची आपली छाती झाली नसती, हेही तो मोकळेपणाने कबूल करतो.

या संवादांतला सतरावा आम्ही तीनदा वाचला. विषय आहे एक आजार. ओर्ता सांगतो, इथले लोक याला ‘मोर्शी’ म्हणतात आणि आपण पोर्तुगीज ते बिघडवून ‘मोर्देशी’ म्हणतो.

हा शब्द ऐकल्यावर आमच्या घाटकोपरच्या बाई एकदम म्हणाल्या, “अहो, ही तर आपली मोडशी!”

अगदी बरोबर. आपल्या आजीच्या तोंडची मोडशी. पावसाळ्यात अरबट-चरबट खाल्लं, पोट बिघडलं, की घरात म्हणत, मोडशी झाली. आज आपण तो शब्द साध्या अपचनालाही वापरतो. ओर्ताच्या वेळी तो जीवघेणा होता. त्याने दिलेली लक्षणं अशी : नाडी क्षीण, अंगाला थंडगार घाम, आत मात्र आग, डोळे खोल गेलेले, पायात वांब. रोगी काही तासांत जातो. जून-जुलैमध्ये जास्त. आजचा कुठलाही डॉक्टर हे वाचून पटकी, म्हणजे कॉलरा म्हणेल. संवादाच्या मध्येच एका घरून बोलावणं येतं आणि रुआनोला घेऊन ओर्ता रोग्याकडे जातो. पुस्तक बाजूला राहतं आणि आपण खाटेजवळ उभे असतो.

या शब्दाचा पुढचा प्रवासही ऐका. ‘मोर्देशी’ फ्रेंचांच्या कानावर पडला. त्यांना तो ‘मोर द शियां’ असा ऐकू आला, म्हणजे ‘कुत्र्याचं मरण’. तेच नाव युरोपीय लोकांच्या लिखाणात रूढ झालं. आपल्या ‘मोडणे’ला जवळचा असलेला शब्द परदेशात जाऊन कुत्र्याचं मरण झाला. पण ओर्ताने मूळ उच्चार लिहून ठेवला, म्हणून आपल्याला आज वाट उलटी चालत घरी येता येतं. फुक्सच्या मिरचीला ही परतीची वाट नव्हती.

आणखी एक. इथले वैद्य यावर काय करतात, हेही ओर्ता लिहितो. तांदळाची पेज, तिच्यात मिरी आणि जिरं. पायाला डाग देणं. डोळ्यांत पिंपळी घालणं. वांब येऊ नयेत म्हणून हातपाय आवळून बांधणं. यातलं डाग देणं आणि डोळ्यांत पिंपळी हा निव्वळ छळ होता, त्यात शंका नको. पण पेज? १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून कॉलऱ्याचे हजारो रोगी वाचवले. पुढे तांदळाच्या पिठाचं क्षारपाणीही कॉलऱ्यात चांगलं काम करतं, हे सिद्ध झालं. पेज देणाऱ्या वैद्यांना जंतू माहीत नव्हता. तो रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने १८८३-८४ मध्ये इजिप्त आणि कलकत्त्यात शोधला. ओर्तालाही कारण कळलं नव्हतं, तो खादाडपणाला दोष देतो. पण जे पाहिलं, जे ऐकलं, ते गाळलं नाही. उपयोगाचं आणि निरुपयोगी दोन्ही त्याने लिहून ठेवलं, म्हणून चारशे वर्षांनी आपण त्यातून निवडू शकतो.

इथपर्यंत ओर्ताची बाजू जड वाटेल. आता त्याचे दोष.

पहिला दोष, चित्रं नाहीत. कितीही चांगलं वर्णन असलं तरी नुसत्या शब्दांवरून झाड ओळखणं कठीण. त्याच्या काही वनस्पती नेमक्या कोणत्या, यावर अभ्यासकांची डोकेफोड झाली आहे. फुक्सच्या बाबतीत हा प्रश्न फारसा येत नाही. दुसरा, छपाई. गोव्यातला छापखाना नवा, चुका रग्गड, शुद्धिपत्र लांबलचक. तिसरा दोष मोठा. पुस्तकात अंतोनिया नावाची एक मुलगी आहे, ओर्ताच्या घरची दासी. रुआनोला काही दाखवायचं असलं, की ओर्ता तिला हाक मारतो, ती फळ किंवा फांदी घेऊन येते. म्हणजे झाड कुठे आहे, फळ पिकलं का, हे तिला माहीत. पण तिला कोणी काही विचारत नाही. मालुपा नावाचा एक हिंदू वैद्य एका संवादात बोलतो, त्याला निदान आवाज आहे. अंतोनियाला फक्त हातपाय आहेत. माणसं विकत घेण्याच्या काळात हे पुस्तक लिहिलं गेलं, हे विसरून त्याचं कौतुक करता येणार नाही.

तरी निदान नाव तरी आहे. पुढे काय झालं ते बघा. १५६७ मध्ये क्लुसियस या मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने या पुस्तकाचा लॅटिन संक्षेप अँटवर्पला छापला. युरोपने ओर्ता वाचला तो मुख्यतः या संक्षेपातून. त्याने संवाद मोडून सरळ निवेदन केलं. नीटनेटकं, आटोपशीर. त्यात रुआनोच्या शंका गेल्या, वाद गेले, ‘हे तुला कोणी सांगितलं?’ हा प्रश्न गेला. माहिती उरली, माहिती देणारे मिटले. आमच्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत मोठी हानी आहे, आणि ती कोणा दुष्टाने केलेली नाही. चांगल्या संपादनाने केली.

असं व्हायलाच हवं असं नाही, याचा पुरावा शंभर वर्षांनी मिळतो. १६७८ पासून डचांनी ‘होर्तुस मलाबारिकुस’चे बारा खंड छापले. त्यात फुक्सच्या तोडीची चित्रं आहेत, आणि पहिल्या खंडात इट्टी अच्युदन या मल्याळी वैद्याचं आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांचं निवेदनही आहे. कोकणींचं तर नागरी लिपीत, कोकणी भाषेत. चित्र आणि साक्ष दोन्ही एका पुस्तकात. फुक्स आणि ओर्ता यांची बेरीज हवी, असं आम्ही म्हणतो, ती ही.

ओर्ताच्या बाबतीत शेवटची गोष्ट, ती सांगताना आम्हाला जड जातं. पाहिलं ते सांगतो म्हणणारा हा माणूस एक गोष्ट जन्मभर लपवत होता. वरून ख्रिस्ती, घरात ज्यू. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आलं. तीन वर्षांनी त्याचं पुस्तक छापलं गेलं. तो मेल्यावर वर्षभरात, १५६९ मध्ये, त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळलं. १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. गॅलेन चुकला असं छापायची मुभा होती, पण घरी शुक्रवारी संध्याकाळी काय करतो हे सांगायची नव्हती. पुस्तकात तो इतक्या जणांच्या तोंडून बोलतो, त्यामागे ही सवयही असेल का, असा प्रश्न आमच्यात निघाला. उत्तरावर एकमत झालं नाही.

आता कोणी विचारील, हे सगळं ऐकून आम्ही बोरिवलीकरांनी काय करायचं?

जूनमध्ये इथे स्टेशनबाहेर रानभाज्या येतात. टाकळा, कुरडू, फोडशी, कंटोळी आणि शेवळं. आमच्यातल्या एकाने मागच्या वर्षी मोबाइलवरच्या ॲपने शेवळाचा फोटो काढला. ॲपने लॅटिन नाव बरोबर सांगितलं. खूष होऊन भाजी घरी नेली, केली, खाल्ली आणि घसा अर्धा दिवस खाजत राहिला. पुढच्या आठवड्यात भाजीवालीला सांगितलं, तर ती हसून म्हणाली, “दादा, काकडं नाय घातलीत?” काकडं म्हणजे एका रानझाडाची आंबट फळं. ती शेवळात घातली की खाज मरते. टोपलीत शेजारीच होती. विचारलं नाही म्हणून घेतली नाहीत.

ॲप म्हणजे फुक्स. चित्र जुळवून नाव सांगेल, आणि ते काम फार मोलाचं आहे. मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून खाऊन मुलं दवाखान्यात पोहोचतात, तेव्हा झाड कोणतं ते आधी नेमकं कळायलाच हवं. पण खायचं कसं, कोणत्या महिन्यात, कशाबरोबर, किती, हे त्या बाईंना माहीत आहे. आणि ते ज्ञान आपण रोज क्लुसियससारखं गाळतो. ‘अमुक पानांचा रस घ्या, साखर उतरते’ असा निरोप फोनवर येतो. कोणी सांगितलं? कुठल्या गावात त्या झाडाला काय म्हणतात? कोणाला त्रास झाला का? यातलं काहीही त्यात नसतं. म्हातारी बाई पुन्हा बिननावाची.

म्हणून एक साधी विनंती. येत्या पावसाळ्यात रानभाजी घेताना फोटो जरूर काढा. पण मावशींना तीन गोष्टी विचारा. तुम्ही हिला काय म्हणता, साफ कशी करता, आणि कोणी खाऊ नये. उत्तर त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा, शुद्ध करू नका. त्यांची हरकत नसेल तर खाली त्यांचं नाव लिहा, आणि गर्दीच्या वेळी विचारू नका, त्यांचा धंदा मोडतो. निदान दोन जुड्या तरी घ्या.

वह्या जमल्या तर दिवाळीनंतर याच सभागृहात त्या एकत्र वाचू. आमच्यातला फुक्सवाला चित्रं काढायला तयार आहे. आणि मावशींपैकी कोणाला यायला जमलं, तर बोलायचा पहिला मान त्यांचा.

 आता प्रश्न असतील तर घेऊ.